राहिलेले तीन उपवास

झोपून राहायचं, हलायचं नाही, असं अनंतमती मगदूम यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची छाती कुणाची होती? चौतीस वर्षं त्या सांगलीच्या एका शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. पहाटे पाचला उठून मैदानाच्या दहा चकरा, मग शाळा, मग संध्याकाळी मुलींचा खो-खो. त्यांची शिट्टी वाजली की मैदानाबाहेरचे रिक्षावालेसुद्धा सावरून बसत, असं गावात म्हणत. आता वय बासष्ट, तरी अंगात तोच खडखडीतपणा. आणि आज त्या मिरजेच्या पेशीऊर्जा केंद्रात एका पांढऱ्या फळीवर उताण्या पडल्या होत्या. "बाई, पाय हलवू नका," असं त्यांना दटावणारी डॉक्टर म्हणजे त्यांच्याच जुन्या खो-खो संघातली नसीम इनामदार. मुलगी पुढे शिकली, मोठी झाली आणि आता बाईंवर हुकूम सोडत होती. दिवस फिरतात ते असे.

बाई इथे आल्या होत्या त्या लेकीसाठी. सुप्रभा, एकुलती एक, वय अठ्ठावीस. ती याच इमारतीत वरच्या मजल्यावर खाटेवर होती. ही पोर लहानपणापासून दमायची. दप्तर उचललं की दमायची, केस विंचरले की दमायची, जेवताना मध्येच घास हातात धरून बसून राहायची. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिकं झाली. सगळे म्हणाले, काही नाही, ठीक आहे. मग बाईंनी आपलं निदान आपणच करून टाकलं, की हा आळस. आणि आळसावर त्यांच्याकडे एकच औषध होतं, मैदानाच्या चकरा. मोठी झाल्यावर सुप्रभा घरी बसून पुस्तकांना आवाज देण्याचं काम करायची. दोन वर्षांपूर्वी लांब वाक्य एका दमात संपेना म्हणून तेही सुटलं. आणि गेल्या महिन्यात हृदयानंच हात टेकले. तेव्हा नसीमनं तिला दाखल करून घेतलं आणि म्हणाली, की बाई, एकदा तुम्हीही चक्रदर्शकाखाली या.

बाई खुशीनं आल्या. पोरीला काही द्यायचं झालं तर ते आपल्यातूनच निघणार, याची त्यांना खात्री होती. एवढी वर्षं राखलेलं शरीर कधी कामाला यायचं?

आता हा चक्रदर्शक काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. आपण भाकरी खातो, ती पोटात जिरते, इथपर्यंत कुणालाही ठाऊक असतं. पण त्या भाकरीचं चालणं कसं होतं, बोलणं कसं होतं, रागावणं कसं होतं? ते होतं पेशीत. एकेका पेशीत शेकडो, कधी हजारो तंतुकणिका असतात. त्या म्हणजे शरीराच्या भट्ट्या. अन्न मोडत मोडत दोन कार्बनांचा तुकडा उरतो, तो भट्टीत शिरतो. तिथे चार कार्बनांचं एक आम्ल त्याची वाटच बघत असतं. दोघं जोडले जातात आणि सहा कार्बनांचं सायट्रिक आम्ल बनतं, लिंबाला आंबट करतं तेच. मग पायरीपायरीनं त्या सहातले दोन कार्बन सुटतात आणि आपण ते श्वासातून बाहेर टाकतो. मागे उरतं पुन्हा तेच चार कार्बनांचं आम्ल, पुढच्या तुकड्यासाठी तयार. विरजण लावून दही करावं आणि त्यातलंच चमचाभर उद्यासाठी राखावं, तसा हा कारभार. विरजण संपलं की दही नाही, आणि ते आम्ल आटलं की चक्र नाही. या फेऱ्यांत मिळालेली ऊर्जा एका पातळ पडद्याआड तुंबते, आणि तिथून सुटताना खरोखरची एक चिमुकली चक्की गरागरा फिरवते. त्या चक्कीतून पडतं ते एटीपी, ज्याच्यावर शरीराचं एकूण एक काम चालतं. माणूस दिवसाकाठी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं एटीपी तयार करतो आणि तेवढंच वापरूनही टाकतो.

हे सगळं कागदावर कळून शंभर वर्षं होत आली होती. पण जित्याजागत्या माणसात ते फिरताना कुणी पाहिलं नव्हतं. चक्रदर्शकानं ते दाखवलं. पायरुवेट नावाच्या द्रावातले कार्बनचे अणू अतिथंड चुंबकात एका दिशेनं वळवायचे आणि तो द्राव शिरेतून सोडायचा. मग ते अणू जिथे जिथे जातील तिथून पंधरा मिनिटं त्यांची हाक ऐकू येते. कुठे चक्र भरधाव आहे, कुठे रेंगाळलंय, कुठे थांबलंय, सगळं समोरच्या भिंतीवर उमटतं.

नसीमनं दिवे मंद केले आणि बाईंना मान वळवून भिंतीकडे बघायला सांगितलं.

भिंतीवर बाई होत्या. पण कातडी नाही, हाडं नाहीत, चेहरा नाही. नुसता उजेड, तांबूस सोनेरी. छातीत मुठीएवढा एक गोळा धगधगत होता आणि ठोक्याठोक्याला उजळत होता. मांड्या फुललेल्या निखाऱ्यांसारख्या. डोक्यात तर एक जागा अशी नव्हती की जिथे काही हलत नव्हतं. बाईंनी न राहवून उजव्या पायाचा अंगठा जरासा हलवला, तर भिंतीवर पोटरीपासून खाली उजेडाची एक लाट गेली. नसीम सांगत होती, की बाई, एक किलो सूर्य आणि एक किलो तुम्ही असं शेजारी ठेवलं तर तुमच्यातून सूर्याच्या हजारो पट ऊर्जा निघते. सूर्य मोठा आहे म्हणून मोठा, एरवी तुम्ही त्याला ऐकणार नाही. बाई मान वळवून वळवून बघत होत्या. बासष्ट वर्षं हे आपल्यात चाललंय, आणि आपण त्याला नुसतं 'स्टॅमिना' म्हणत आलो? त्यांचे हात आपोआप जोडले गेले. नसीमनं ते पुन्हा खाली ठेवायला लावले.

मग बाईंच्या लक्षात आलं की उजेडात कुठे कुठे काळे ठिपके आहेत. दंडात, पोटऱ्यांत, हृदयाच्या एका कडेला. त्यांनी विचारलं, तर नसीम यंत्राकडे वळली. मग तिनं शेजारी दुसरं चित्र आणलं. ते सुप्रभाचं होतं.

तिथे उजेड नव्हताच म्हणायला हरकत नाही. मेंदूत थोडा, हृदयात विझत आलेल्या चुलीइतका, बाकी हातापायांत तुरळक ठिणग्या. पंधरा मिनिटं ती चित्रं शेजारीशेजारी चालू होती. एका बाजूला दिवाळी आणि दुसऱ्या बाजूला अवस.

"हे तिला कुठून आलं?" बाईंनी विचारलं.

"आईकडून, बाई," नसीम म्हणाली. "तंतुकणिका फक्त आईकडून येतात. वडिलांच्या येत नाहीत."

तिनं पुढे नीट समजावून सांगितलं. बाईंच्या तंतुकणिकांत दहातली एक सदोष आहे. नऊ धडधाकट, म्हणून त्यांना आयुष्यभर काही जाणवलं नाही. पण सुप्रभा ज्या बीजातून झाली, त्यात योगायोगानं सदोषच जास्त आल्या. यात कुणाचाच दोष नाही, नाण्याला छापा-काटा पडतो तसं आहे हे. बाईंनी मान हलवली. त्यांना ऐकू येत होतं, पण डोळ्यांपुढे दुसरंच काही होतं. अकरा वर्षांची सुप्रभा मैदानावर चौथ्या चकरेला खाली बसली होती. सगळा वर्ग बघत होता. बाईंनी तिला दंडाला धरून उठवलं होतं आणि म्हटलं होतं, की माझी मुलगी म्हणून सूट मिळणार नाही. पोरीनं उरलेली चकर चालत पूर्ण केली होती आणि रडली नव्हती. तिच्यात रडण्यापुरतंही काही उरलं नसणार, हे बाईंना आज सतरा वर्षांनी कळलं. त्या फळीवर पडल्यापडल्या घळाघळा रडल्या आणि नसीमनं त्यांना रडू दिलं.

उपाय होता, आणि तो नवा होता. निरोगी माणसाच्या मांडीतला स्नायूचा तुकडा काढायचा, त्यातल्या तंतुकणिका जिवंत वेगळ्या करायच्या आणि रोग्याच्या हृदयात सोडायच्या. पेशी त्यांना गिळून आत घेतात आणि कामाला लावतात. पण बाईंच्या चालणार नव्हत्या. त्यांच्यातही दोष होता, आणि त्यांची आई, मावशी, मावसभाऊ सगळे एकाच माळेचे मणी. शिवाय अगदी परक्याच्या तंतुकणिकांशी सुप्रभाच्या शरीराचं भांडण लागलं असतं. पाहिजे होतं बापाच्या घराण्यातलं माणूस. बाप नव्हता. होती फक्त बापाची बहीण, पद्माक्का.

हे नाव ऐकलं आणि बाईंचा चेहरा उतरला. पद्माक्का समडोळीला राहायच्या, सांगलीपासून बसनं अर्ध्या तासाच्या वाटेवर. पण या नणंद-भावजयींत चौदा वर्षं शब्द नव्हता. बाईंचे यजमान, जिनपाल, एका सकाळी मैदानावर पळता पळता कोसळले आणि गेले. तेव्हा भरल्या माणसांत पद्माक्का म्हणाल्या होत्या, की माझ्या भावाला हिनं पळवून पळवून मारलं. बाईंनी ते मनाला लावून घेतलं आणि त्या घराची पायरी चढणं सोडलं. सुप्रभा मात्र आत्तीला फोन करायची, सणाला भेटूनही यायची. आता तिनंच खाटेवरून फोन लावला. आत्तीनं पुढचं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "कवा यायचं तेवढं सांग," म्हणाल्या.

पद्माक्का आल्या, तपासणी करून गेल्या. सहासष्ट वर्षांची ती बाई, जन्मभर मळ्यात राबलेली. भिंतीवर त्यांच्या मांड्या अशा उजळल्या, की यंत्र चालवणारी मुलंही उठून उभी राहिली. बाई त्या दिवशी मुद्दाम वरच्या मजल्यावर बसून राहिल्या आणि नणंद गेल्यावरच खाली आल्या. तुकडा काढायचा दिवस ठरला तो तीन आठवड्यांनंतरचा. सुप्रभाला केंद्रात आल्यावर ताप चढला होता, तोवर तो उतरायला हवा होता.

आणि इथेच घोळ झाला. असला घोळ जैनाच्या घरातच व्हायचा. मध्ये भाद्रपद आला, जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व बसलं. पद्माक्कांनी विचार केला, आपल्या अंगातला तुकडा पोरीच्या काळजात जायचाय. तो द्यायचा तर शुद्ध होऊन द्यावा. त्यांनी मुनी महाराजांसमोर दहा उपवासांचा नियम घेतला. अन्नाचा कण नाही, दिवसातून एकदा उकळून गार केलेलं पाणी, बस्स. केंद्रात त्यांना औषधांचं विचारलं होतं, आजारांचं विचारलं होतं, पण उपवासाचं कुणी विचारलं नव्हतं. आणि केलेलं व्रत आपण होऊन सांगत सुटलं तर त्याचं पुण्य जातं, म्हणून त्यांनीही तोंड उघडलं नाही.

सातव्या दिवशी त्या शेवटच्या तपासणीला आल्या. दुपारचे चार वाजले होते. बाईंना नसीमनं खाली बोलावून घेतलं, कारण सुप्रभाच्या हृदयाचा आकडा, म्हणजे एका ठोक्यात ते किती टक्के रक्त पुढे ढकलतं तो, सकाळपासून घसरत होता. हातात फार तर दोन दिवस होते. बाई दार ढकलून आत शिरल्या आणि चौदा वर्षांनी नणंद त्यांच्यासमोर बसलेली होती, आणि भिंतीवर तिचा उजेड होता. पण तो तीन आठवड्यांपूर्वीचा उजेड नव्हता.

मांड्या मंदावल्या होत्या. यकृतातलं चक्र रखडलं होतं. डोकं मात्र लख्ख पेटलेलं होतं. नसीमनं चित्राकडे एकदा बघितलं आणि हलकेच विचारलं, किती दिवस झाले उपवासाला? पद्माक्कांनी बोटं दाखवली, सात.

नसीमनं मग त्यांना त्यांचंच शरीर उलगडून दाखवलं. साखर संपली, तेव्हा यकृतानं आपलं ते चार कार्बनांचं आम्ल, चक्राचं विरजण, बाहेर काढून त्याची साखर केली आणि मेंदूला दिली. विरजण गेलं म्हणून तिथलं चक्र रखडलं. मग चरबी अर्धवट जाळून तिचं वेगळं इंधन केलं, तेही मेंदूला पाठवलं. हातपाय चरबीवर भागवू लागले. आणि टंचाईत शहाणं घर करतं तेच पेशींनी केलं. जुन्या तंतुकणिका मोडून त्यांचाच माल वापरायला घेतला. म्हणूनच मांडीतला आकडा खाली आला होता.

पद्माक्का उठून भिंतीपाशी गेल्या. त्या चित्राच्या डोक्यापाशी त्यांनी तळहात धरला. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला होता.

"सात दिवस मला वाटत हुतं, मी सगळं थांबवलंय," त्या म्हणाल्या. "हे तर पापणी लवण्याइतकंबी थांबलेलं न्हाई."

त्यांच्या आवाजात भीती नव्हती, नवल होतं. आपल्याला न विचारता, आपण झोपलेलो असताना, जप करत असताना, कुणीतरी घर चालवत होतं. कुणाचं किती कमी करायचं, कुणाला आधी द्यायचं, हे ठरवत होतं, आणि सगळ्यांत शेवटपर्यंत ज्याला जपायचं तो मेंदूतला दिवा जराही मंद होऊ देत नव्हतं. बाईसुद्धा बघत राहिल्या. त्या खोलीत क्षणभर तिघींनाही कशासाठी आलो ते आठवेना.

मग नसीमनं कामाचं सांगितलं. असा तुकडा आज काढला तर पुरणार नाही आणि अक्कांच्याही जिवाला धोका. पण आज अन्न सुरू झालं, आधी नुसतं मुगाचं कढण, मग हळूहळू पेज, मग भात, तर परवा सकाळपर्यंत काम भागण्याइतका आकडा वर येईल. उद्या सुरू केलं तर उशीर होईल. आणि पद्माक्का सूर्यास्तानंतर तोंडात काही घेत नाहीत, म्हणजे हातात होते अडीच तास.

पद्माक्कांनी मान हलवली. नाही. नियम महाराजांसमोर घेतलाय. मोडून दिलेलं दान ते दान नव्हे. ते पोरीला लाभायचं नाही. अजून तीन उपवास झाले की पारणं होईल, मग हवा तेवढा तुकडा काढा, पाय कापून न्या.

बाईंनी आधी आपल्या नेहमीच्या आवाजात सांगून पाहिलं, शाळेत सांगायच्या तसं. मग डॉक्टरांचे आकडे सांगितले. मग पोरगी मरेल हो, असं सरळ सांगितलं. पद्माक्का ऐकत होत्या, डोळ्यांना पाणी होतं, पण मान तशीच हलत होती. नसीम म्हणाली, की मी स्वतः महिनाभर रोजे धरणारी बाई, मला यांच्यावर जबरदस्ती करता येणार नाही. ती दार ओढून बाहेर गेली.

दोघीच उरल्या. भिंतीवरचा उजेड आता ओसरत होता, अणूंची हाक थकत चालली होती. बाईंना कळून चुकलं, की आपल्याजवळ आता या बाईला द्यायला एकच गोष्ट आहे, आणि ती आपण चौदा वर्षं कुणालाही दाखवलेली नाही. त्या खुर्चीवरून उठल्या आणि पद्माक्कांच्या पायाशी फरशीवर बसल्या.

"अक्का, त्या सकाळी ते म्हणाले होते, आज नको, दमल्यासारखं वाटतंय," बाई म्हणाल्या. "मी म्हणाले, आळस सोडा. त्यांनी बूट घातले. तुम्ही माणसांत बोललात ते खरं होतं."

बाईंनी पद्माक्कांच्या पावलांवर हात ठेवले.

"पोरीलाही मी तेच म्हणत आले. आता तिला वाचवायचं माझ्या हातात नाही. माझ्यातलं जे तिला गेलं, तेच तिला भोवतंय. तुमच्यातलं तेवढं चालतंय."

चौदा वर्षं उरात धरलेला धोंडा निघाला खरा, पण त्याखालची जागा इतकी हुळहुळी होती, की त्यांना वर बघवेना. बऱ्याच वेळानं त्यांच्या डोक्यावर एक हात आला. खरखरीत, मळ्यातला, आणि उपासानं गार पडलेला.

"जिनपाल ल्हानपणीबी असाच," पद्माक्का म्हणाल्या. "दुखलं तर सांगायचा न्हाई. तुला तरी सांगितलं म्हणायचं." मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि सूर्य मावळायला किती अवकाश आहे, ते विचारलं.

अट त्यांनी घातलीच. व्रत पोरीच्या नावानं उचललंय, ते अर्ध्यावर टाकायचं नाही. आजचा दिवस माझा बुडाला, त्याचं प्रायश्चित्त महाराज देतील ते मी घेईन. राहिलेले तीन उपवास तू करायचेस. बाईंनी जन्मात एक उपवास केला नव्हता. जैनाच्या घरात राहून त्या सासूला तोंडावर म्हणायच्या, की उपाशी पोटी कोण पळणार. आता त्यांनी नुसती मान डोलावली. सहाला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी आपल्या हातानं पद्माक्कांना मुगाच्या कढणाचा पहिला घोट दिला, आणि पद्माक्कांनी तो डोळे मिटून घेतला.

परवा सकाळी पद्माक्कांच्या मांडीतून लिंबाच्या फोडीएवढा तुकडा निघाला. दुपारी त्यातल्या अब्जावधी तंतुकणिका एका बारीक नळीतून सुप्रभाच्या हृदयात गेल्या. बाईंचा तो दुसरा उपवास होता. त्या काचेआड बसून भिंतीकडे बघत होत्या. चक्रदर्शकाचा द्राव तासातासाला नव्यानं सोडला जात होता. पहिला तासभर काहीच झालं नाही. तिसऱ्या तासाला हृदयाच्या डाव्या कडेला एक ठिणगी दिसली, मग तिच्याशेजारी दुसरी. संध्याकाळपर्यंत तिथे बोटभर जागा उजळली होती आणि प्रत्येक ठोक्याला ती श्वास घेतल्यासारखी फुलत होती. अब्जावधी वर्षांपूर्वी एका पेशीनं दुसरीला पोटात घेतलं, न पचवता जगू दिलं, आणि तिथून पुढे झाडं, मासे, माणसं सगळी झाली, असं नसीम मागे म्हणाली होती. तेव्हा बाईंनी ते कानाआड केलं होतं. आज तेच त्यांच्या लेकीच्या छातीत पुन्हा घडत होतं, आणि आत शिरलेला तो पाहुणा चौदा वर्षं न बोललेल्या घरातून आला होता. बाईंना वाटलं, आपण देवळात बसलोय.

तिसरा उपवास मात्र जड गेला. तेराशे मुलींना पळवणाऱ्या बाई केंद्राच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबल्या. पाय उचलायचा, एवढंच काम होतं. पाय ऐकेना. वेदना नव्हती, ताप नव्हता, काही मोडलेलं नव्हतं. नुसतं आतून कुणी ओ देत नव्हतं. शेजारून एक मावशी बादली घेऊन सहज वर गेल्या आणि जाताना म्हणाल्या, बाई, थोडं चालत जा हो रोज, बरं असतं. बाई कठड्याला धरून तिथेच बसल्या. त्यांना त्या मावशींचा राग आला, आणि मग तो राग कुणाकुणाला आपला आला असेल, ते आठवत त्या बराच वेळ बसून राहिल्या.

व्रताच्या अकराव्या दिवशी सकाळी पारणं होतं. पद्माक्का मांडीला पट्टी बांधून चाकाच्या खुर्चीतून वर आल्या होत्या. नसीमनं सांगितलं, की हृदयाचा आकडा अठरावरून सव्वीसवर आलाय. सुप्रभा उद्याच पळायला लागणार नाही, कधी पळणारही नाही कदाचित, पण धोका टळला. हातापायांचं पुढे टप्प्याटप्प्यानं बघू. बाई खाटेच्या कडेला बसल्या. त्यांना आनंद झाला होता, पण तो दाखवायला लागणारी ताकदसुद्धा अंगात नव्हती. हात मांडीवर ठेवले होते, ते तिथेच होते.

पद्माक्कांनी कढणाची वाटी सुप्रभाच्या हातात दिली. सुप्रभानं ती दोन्ही हातांनी धरली आणि आईच्या ओठांपाशी नेली. सावकाश, पण वाटी वर आली होती. बाईंनी लगेच तोंड लावलं नाही. त्या लेकीकडे बघत होत्या.

"हे इतकं असतं होय गं?" त्यांनी विचारलं.

"रोज," सुप्रभा म्हणाली.

बाईंनी लेकीच्या हातांना खालून आपले हात लावले, आणि वाटी रिकामी होईपर्यंत त्या घोट घोट घेत राहिल्या.